डीओ-१ अँटीबॉडीची पडताळणी: प्रकल्प नोंदी

७ जून, शुक्रवार

डीओ-१ ही पेशींतलं पी५३ हे प्रथिन शोधून त्याला चिकटणारी अँटीबॉडी. तिची नवी बाटली आज येणार होती. कुरिअरच्या ट्रॅकिंगवर 'पोचली' असं दिसतंय, पण आमच्या लॅबमध्ये नाही, स्टोअरमध्ये नाही, शेजारच्या दोन्ही लॅबच्या फ्रीजमध्येही नाही. साडेसातपर्यंत शोधलं. स्टोअरचे काका सहालाच गेलेले, त्यामुळे आता सोमवारीच.

तोवर हे काम नेमकं काय आहे ते लिहून ठेवते, पुढच्या वर्षी ही वही दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असेल.

लॅबमधल्या ताईच्या प्रकल्पात एचसीटी ११६ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या मानवी पेशी प्रतिकारशक्ती कमी असलेल्या न्यूड उंदरांच्या कातडीखाली टोचून गाठी वाढवल्या आहेत. निम्म्या उंदरांना आमचं संयुग दिलं, निम्म्यांना नुसतं द्रावक. प्रश्न एकच, संयुगामुळे गाठीतलं मानवी पी५३ वाढतं का? प्लेटमधल्या पेशींत ते चांगलं वाढतं, हे आम्ही अनेकदा पाहिलंय. गाठींच्या ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर घेऊन अँटीबॉडीने शोधायची; प्रथिन असेल तिथे पट्टी दिसते) मात्र गेल्या वर्षी दोन्ही गटांत सारखीच जाड पट्टी आली, आणि 'गाठीत पी५३ वर परिणाम दिसत नाही' असं प्रगती अहवालात गेलं. सरांना ते तेव्हापासून खटकतंय. जुनी बाटली संपत आली म्हणून नवी मागवायला गेले तर म्हणाले, "नुसती बाटली बदलू नकोस. ही अँटीबॉडी काय बघते आणि काय बघत नाही, ते आपल्या हाताने तपासून घे. महिनाभर दुसरं काही करू नकोस."

महिना मिळाला याचा मला आनंद आहे. ही अँटीबॉडी लॅबमध्ये सगळेच वापरतात, पण 'सगळेच वापरतात' एवढ्यावरच आजवर चाललं होतं.

१० जून, सोमवार

बाटली सापडली. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरवाला ती मेन गेटवर टेकवून गेला होता. थर्माकोलचा खोका दोन दिवस, तीन रात्री सिक्युरिटीच्या टेबलाखाली. उघडला तेव्हा आतले बर्फाचे पॅक मऊ आणि कोमट, खोक्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. पुरवठादाराला फोन केला. "काही होत नाही मॅडम, अँटीबॉडी स्टेबल असते." बदलून देणार नाहीत. खोक्यावर '२ ते ८ अंश' असं लाल अक्षरात त्यांनीच छापलंय. मला याचा राग आला आणि अजून आहे. एका बाटलीला जे पैसे जातात त्यात आमचं महिन्याचं प्लास्टिक येतं.

राग बाजूला ठेवून विचार केला, तर आयजीजी (डीओ-१ याच प्रकारची अँटीबॉडी आहे) हे खरंच बऱ्यापैकी टणक प्रथिन आहे. दोन-तीन दिवसांच्या उबेने ते मरतंच असं नाही. पण मेलं नाही हे दाखवावं लागेल. जुन्या बाटलीत आठ मायक्रोलिटर शिल्लक आहे, तेवढ्यात एक नीट तुलना होते. बाटलीवर आजची तारीख आणि 'गेटवर राहिलेली' असं लिहून चार अंशाला ठेवली.

११ जून, मंगळवार

पेशींची निवड. यावर सरांशी तासभर बोलणं झालं आणि मला वाटतं सगळ्या कामाचा कणा हाच आहे. पट्टी दिसणं सोपं असतं. पट्टी जिथे नसायलाच हवी तिथे ती खरंच नाही, हे बघायला नमुने लागतात.

एमसीएफ-७: स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, पी५३ मूळ स्वरूपातलं. एरवी ते एमडीएम२ नावाच्या प्रथिनामुळे सतत मोडीत निघतं, जेमतेम वीसेक मिनिटांत निम्मं संपतं, त्यामुळे औषधाशिवाय पट्टी फिकट हवी. डॉक्सोरुबिसिनने डीएनएला इजा केली की हे मोडणं थांबतं आणि पट्टी चढते.

एचसीटी ११६ दोन प्रकारच्या. एक मूळ आणि दुसरी पी५३ चं जनुक काढून टाकलेली. ही दुसरी १९९८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये बर्ट फोगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली आणि तेव्हापासून जगभर फिरते आहे. बाकी सगळं सारखं आणि एक प्रथिन नाही, अशी जोडी मिळणं म्हणजे अँटीबॉडी तपासणाऱ्याचं भाग्यच.

शिवाय फुप्फुसाच्या एच १२९९, ज्यांत जनुकाचा तुकडाच गळलेला आहे आणि प्रथिन बनत नाही. ए ४३१, ज्यांत २७३ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आहे, आणि असं बिघडलेलं पी५३ मोडलं न गेल्याने ढिगाने साठतं. हेला, ज्यांत पॅपिलोमा विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ ला संपवत राहतं. आणि उंदराच्या एनआयएच ३टी३ पेशी. डीओ-१ उंदराचं पी५३ ओळखत नाही असं पत्रकावर छापलंय, तर तेही बघायचं.

पेशी उठवल्या. ३टी३ सुस्त आहेत, बाकी बऱ्या.

१३ जून, गुरुवार

काल सकाळी अर्ध्या प्लेटना डॉक्सोरुबिसिन, ०.५ मायक्रोमोलर, २४ तास. आज सगळ्या पेशी बर्फावर खरवडून फोडल्या, अर्धा तास ठेवून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या, प्रथिन मोजलं. प्रत्येक लेनला (जेलमधल्या एका नमुन्याच्या रांगेला) २५ मायक्रोग्रॅम.

हात चालू असताना पुन्हा पुन्हा या अँटीबॉडीच्या जन्माकडे मन जात होतं. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी उंदराची अँटीबॉडी बनवणारी पेशी न मरणाऱ्या मायलोमा पेशीशी जोडली आणि एकाच साच्याची अँटीबॉडी हवी तेवढी काढायची वाट मोकळी झाली. १९८४ चं नोबेल त्यांना आणि नील्स येर्ने यांना मिळालं. पी५३ सापडलं १९७९ मध्ये, आणि ते शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड लेन यांनी बोरिवोय वॉयटेशेक आणि सहकाऱ्यांबरोबर १९९२ मध्ये डीओ-१ प्रसिद्ध केली. प्रकार आयजीजी २ए. पकडते ती पी५३ च्या सुरुवातीचा, विशीतल्या अमिनो आम्लांचा छोटासा तुकडा.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट अशी. तो तुकडा माणसात आणि उंदरात जवळजवळ सारखाच आहे. माणसात २१ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल, उंदरात त्या जागी ग्लायसिन. ल्युसिन, ट्रिप्टोफॅन, लायसिन, पुन्हा ल्युसिन, बाकी रांग तीच. उंदराच्या शरीराने त्या फरकाच्या जागी 'हे आपलं नाही' असं ओळखलं. स्वतःच्या पी५३ ला हात न लावणारी आणि माणसाचं नेमकं धरणारी अँटीबॉडी उंदराकडूनच मिळाली.

१४ जून, शुक्रवार

पहिला ब्लॉट. दहा टक्क्यांचं जेल, पीव्हीडीएफ मेम्ब्रेन. ट्रान्सफरनंतर पॉन्सो (सगळी प्रथिनं दाखवणारा रंग) टाकलं तेव्हा सगळ्या लेन गुलाबी पट्ट्यांनी सारख्या भरलेल्या दिसल्या, ३टी३ ची लेन किंचित फिकी. पाण्याने रंग धुतला, दुधाच्या पावडरीत तासभर, मग अँटीबॉडी रात्रभर चार अंशाला रॉकरवर ठेवून घरी.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, येऊन पुढचं केलं, ते इथेच लिहिते. दुय्यम अँटीबॉडी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून तिची जागा दाखवणारी) शेळीची, उंदराच्या आयजीजीविरुद्ध, एचआरपी हे विकर लावलेली, १:५०००. एक तास, तीन धुणी, मग ईसीएल, म्हणजे एचआरपी असेल तिथे उजेड देणारं द्रावण.

तीस सेकंदांच्या एक्स्पोजरला चित्र आलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. एमसीएफ-७ औषधाविना फिकट, औषधाने ठसठशीत. मूळ एचसीटी ११६ तसंच. जनुक काढलेली एचसीटी ११६, औषध असो नसो, कोरी. एच १२९९ कोरी. ३टी३ कोरी. हेलामध्ये सावलीसारखं काहीतरी. ए ४३१ इतकी गडद की पट्टीचा मधला भाग जळून पांढरा पडला. तिथे एवढी एचआरपी जमली की ईसीएलच संपलं. पुढच्या वेळी त्या लेनला पाचच मायक्रोग्रॅम.

पट्टी ५३ किलोडाल्टनच्या आसपासच. प्रथिनाचं खरं वजन ४४ किलोडाल्टनच्या आत आहे, पण प्रोलिनने भरलेला भाग जेलमध्ये त्याला मागे ओढतो. नाव जेलवरून पडलं ते पडलं.

जुनी बाटली आणि नवी बाटली, १:१०००, १:२००० आणि १:५०००, तिन्ही जोड्या सारख्या. गेटवरच्या तीन रात्री बाटलीने सोसल्या. पुढे १:२००० वापरायचं. पुरवठादार बरोबर निघाला याने माझं मत बदललेलं नाही. हे आम्हाला तपासावं लागलं, त्यात जुन्या बाटलीचा शेवटचा थेंब गेला.

१९ जून, बुधवार

सूक्ष्मदर्शकाखाली. काचेवर वाढवलेल्या पेशी, न्यूटलिन-३ए दहा मायक्रोमोलर, २४ तास. न्यूटलिन एमडीएम२ च्या ज्या खोबणीत पी५३ बसतं तिथे जाऊन बसतं, त्यामुळे डीएनएला इजा न करता पी५३ साठतं. केंद्रकं हिरवी उजळली, मूळ पेशींत. जनुक काढलेल्यांत फक्त निळं डॅपी (केंद्रकातल्या डीएनएचा रंग). दुय्यम अँटीबॉडी एकटी लावलेली काच काळी. यात जास्त लिहिण्यासारखं नाही, सगळं अपेक्षेप्रमाणे झालं.

२० जून, गुरुवार

आज गाठी.

ताईने उणे ऐंशीमधून चार नळ्या दिल्या. मूळ पेशींच्या दोन गाठी, जनुक काढलेल्या पेशींच्या दोन. या दुसऱ्या गाठी तिने गेल्या वर्षी केल्या होत्या, पण त्यांचा ब्लॉट कधी झाला नव्हता. तेव्हा फक्त संयुग दिलेल्या आणि न दिलेल्या मूळ गाठी एकमेकांशेजारी लावल्या होत्या. शेजारी ओळखीचं काहीतरी हवं म्हणून प्लेटमधल्या पेशींचे दोन्ही लायसेटही (फोडलेल्या पेशींचे अर्क) चढवले.

जनुक काढलेल्या पेशींच्या दोन्ही गाठींत पट्टी आहे. ५० आणि ५५ च्या मध्ये, जाड.

प्लेटमधल्या त्याच पेशींची लेन शेजारीच कोरी आहे.

ताई माझ्या मागे उभी होती. ती काहीच बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या नळ्या अदलाबदल झाल्या असतील." आणि डीप फ्रीजरकडे गेली. तिथल्या खोक्यांवरचं मार्करचं लिखाण बर्फाने पुसट झालेलं असतं हे खरं आहे, पण तिच्या खोक्यांवरचं नव्हतं. ती सगळं दोनदा लिहिते, झाकणावर आणि बाजूला.

२४ जून, सोमवार

शुक्रवार-शनिवार संशयात गेले. नळ्या बदलल्या? टोचतानाच पेशी मिसळल्या? की जनुक काढलेल्या पेशी आमच्याकडे तशा उरलेल्याच नाहीत? शेवटची शंका प्लेटमधल्या कोऱ्या लेनने खोडली. नळ्यांची शंका खोडायला ताईने गाठींच्या नव्या तुकड्यांतून डीएनए काढून पीसीआर केला. लेबलं बरोबर आहेत. या गाठींच्या मानवी पेशींत ते जनुक नाही.

आज त्याच तुकड्यांचा नवीन ब्लॉट. पुन्हा तीच पट्टी.

पण या वेळी मी मेम्ब्रेन कापलं नव्हतं. आमच्याकडे एक जुनी सवय आहे. अँटीबॉडी वाचावी म्हणून ट्रान्सफर झाल्यावर मेम्ब्रेन ४० आणि ७० च्या खुणेवर कापायचं आणि मधली पट्टी तेवढी पी५३ साठी घ्यायची. गेल्या वर्षीचे सगळे ब्लॉट तसे कापलेले. पडताळणी करायची म्हणून मी अख्खं मेम्ब्रेन ठेवलं, आणि खाली, २५ च्या खुणेवर, चारही गाठींच्या लेनमध्ये आणखी एक पट्टी होती. प्लेटमधल्या पेशींच्या लेनमध्ये ती नव्हती.

पन्नासच्या आसपास एक, पंचवीसला एक. हे आकडे पाहून मला घाम फुटला. आयजीजीची जड साखळी पन्नास, हलकी साखळी पंचवीस.

मोठं करून पाहिलं तर वरची पट्टीसुद्धा पी५३ सारखी नाही. पेशींच्या लेनमध्ये पी५३ ची पट्टी बारीक, कडा सरळ. गाठींच्या लेनमध्ये ती फुगीर, खालची कड ओघळल्यासारखी, दोन्ही टोकं वर वळलेली. मूळ पेशींच्या गाठींत त्या फुगीर पट्टीच्या वरच्या अंगाला एक गडद रेष आहे. ती बहुधा खरं पी५३. इतके दिवस हे डोळ्यासमोर होतं.

२५ जून, मंगळवार

डीओ-१ न लावता ब्लॉट. दुधानंतर थेट दुय्यम अँटीबॉडी. लेन: चार गाठी, दोन पेशी, आणि शेवटी प्राणीगृहातून मागून आणलेला न्यूड उंदराचा सीरम, हजारपट पातळ केलेला.

चारही गाठींत तीच जाड पट्टी, तेच २५. सीरमच्या लेनमध्येही तेच. पेशींच्या लेन कोऱ्या.

म्हणजे ही पट्टी पी५३ ची नव्हतीच. शेळीची दुय्यम अँटीबॉडी 'उंदराचं आयजीजी' शोधते, कारण आमची पहिली अँटीबॉडी उंदराची. गाठ वाढली उंदरात, गाठीत उंदराचं रक्त, रक्तात उंदराचं स्वतःचं आयजीजी. दुय्यम अँटीबॉडीला यातलं कुठलं आपण वरून ओतलं आणि कुठलं आधीपासून तिथे होतं, हे कळायला मार्ग नाही. ती दोन्ही धरते. न्यूड उंदरांना थायमस नसतो म्हणून टी-पेशी नसतात, पण बी-पेशी असतात आणि आयजीजी, कमी का होईना, बनतं. आणि दुर्दैव असं की जड साखळी जेलमध्ये थांबते ती नेमकी पी५३ च्या खांद्याला खांदा लावून.

दुय्यम अँटीबॉडी एकटी लावलेला ब्लॉट हा सगळ्यात स्वस्त नियंत्रण प्रयोग आहे. १९ तारखेला काचेवर मी तो केला. ब्लॉटवर, गाठींसाठी, आमच्या लॅबमध्ये कुणीही कधी केला नव्हता, मीही नाही.

ताईला दाखवलं. ती बराच वेळ सीरमच्या लेनकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षी दोन्ही गट सारखे दिसले, ते रक्त सारखं होतं म्हणून." मला वाटतं ती बरोबर आहे. खऱ्या पी५३ वर दोन्ही गटांत आयजीजीचा सारखाच जाड थर बसला तर त्याखालचा फरक दिसणार कसा?

२७ जून, गुरुवार

सर म्हणाले आणखी एका वाटेने खात्री करू. सॅम्पल बफरमध्ये मर्कॅप्टोइथेनॉल न घालता जेल चालवलं. त्यामुळे साखळ्यांमधले गंधकाचे बंध सुटत नाहीत आणि आयजीजी अख्खं, १५० च्या जवळ राहतं. झालंही तसंच. गाठींची जाड पट्टी वर दीडशेच्या आसपास गेली, पंचवीसची नाहीशी झाली, आणि पन्नासच्या परिसरात मूळ पेशींच्या गाठींत एक बारीक पट्टी एकटी उरली. जनुक काढलेल्या गाठींत काही नाही.

ती बारीक पट्टी पाहून ताई हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

हे जेल मोजमापासाठी वापरणार नाही, लेनच्या कडा पसरतात आणि दोन ब्लॉट एकमेकांशी जुळत नाहीत. पण पटवायला याहून चांगलं चित्र नाही. छापून भिंतीवर लावलं.

१ जुलै, सोमवार

पालखी शहरात मुक्कामी, रस्ते बंद, अर्धी लॅब आलीच नाही. मी चालत आले. शांततेत बसून पर्यायांचा विचार केला.

सशाची अँटीबॉडी घ्यावी, असं पहिल्यांदा कुणालाही सुचेल. दुय्यम अँटीबॉडी सशाविरुद्धची, उंदराचं आयजीजी मग वाटेत येणार नाही. पण सशाच्या बऱ्याच अँटीबॉडी उंदराचं पी५३ ही ओळखतात. गाठीत उंदराच्या पेशीही असतात, रक्तवाहिन्या, तंतुपेशी, आणि औषधाने त्यांचंही पी५३ वाढतं. आम्हाला फक्त मानवी पेशींतलं मोजायचंय. २१ व्या जागेच्या फरकामुळे डीओ-१ हे काम करते, आणि ३टी३ ची कोरी लेन आमच्याकडे आहे. हा गुण सोडायचा नाही असं माझं ठाम मत आहे.

दुय्यम अँटीबॉडी फक्त आयजीजी २ए ओळखणारी घ्यावी? आमचे न्यूड उंदीर बाल्ब-सी वंशाचे, त्यांच्या रक्तात आयजीजी २ए असतंच. काही उपयोग नाही.

फक्त हलकी साखळी ओळखणारी दुय्यम अँटीबॉडी. मग ५० ची पट्टी जाईल, २५ ची राहील, आणि ती पी५३ पासून लांब आहे. हे चालेल. शेजारच्या लॅबमध्ये आहे, ते इम्युनोप्रेसिपिटेशनसाठी (अँटीबॉडीने प्रथिन ओढून काढायला) वापरतात, तिथेही हाच त्रास.

प्रोटीन-जी मण्यांनी लायसेटमधलं आयजीजी आधी उपसून काढणं. मणी आमच्याकडे आहेत. प्रोटीन-ए नको, उंदराचं आयजीजी १ त्याला नीट चिकटत नाही.

आणि सगळ्यात सरळ, एचआरपी थेट जोडलेली डीओ-१. दुय्यम अँटीबॉडी लावायचीच नाही, मग ती काय धरेल हा प्रश्नच संपतो. ही मिळते. सरांनी सही केली.

पुढच्या बॅचसाठी बी-पेशी नसलेले एनएसजी उंदीर, हा शेवटचा मुद्दा. महाग, आणि प्राणी नैतिकता समितीकडे नवा अर्ज. सध्या नाही.

४ जुलै, गुरुवार

प्रोटीन-जी: पाचशे मायक्रोग्रॅम लायसेट, तीस मायक्रोलिटर मणी, दोन तास चार अंशाला फिरवत. जाड पट्टी बरीच ओसरली, पण पूर्ण गेली नाही. दुसऱ्यांदा उपसलं तेव्हा जवळजवळ गेली. खूप वेळ जातो, आणि दोन वेळा मण्यांतून काढल्यावर सगळ्या गाठींचं प्रथिन सारखंच उरलं का, याची मला खात्री वाटत नाही. अ‍ॅक्टिनही (सगळ्या लेनमध्ये सारखं असायला हवं असं तुलनेचं प्रथिन) थोडं डळमळलं.

हलक्या साखळीची दुय्यम अँटीबॉडी: ५० चा पट्टा स्वच्छ, २५ ला जाड डाग. हे चांगलं चाललं.

९ जुलै, मंगळवार

एचआरपी लावलेली डीओ-१ आली. पुरवठादाराला ऑर्डरमध्येच लिहिलं होतं की शुक्रवारी पाठवू नका, आणि कुरिअरवाला निघाला की मला फोन. अकरा वाजता गेटवर उभी होते. बर्फाचे पॅक कडक.

ही बाटली गोठवायची नाही, आणि हिच्या पातळ द्रावणात सोडियम अ‍ॅझाइड घालायचं नाही. अ‍ॅझाइड एचआरपी बंद पाडतं. आमच्याकडे अँटीबॉडीचं द्रावण परत वापरायला म्हणून अ‍ॅझाइड टाकून ठेवायची पद्धत आहे, म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहिते.

११ जुलै, गुरुवार

थेट डीओ-१, चार गाठी, दोन पेशी, एक सीरम. १:५०० लागलं, दुय्यम अँटीबॉडीने मिळणारी वाढ इथे नाही. एक्स्पोजर दोन मिनिटं.

मूळ गाठींत ५३ ला एक बारीक, सरळ पट्टी. जनुक काढलेल्या गाठी कोऱ्या. सीरम कोरा. २५ ला काहीही नाही. मेम्ब्रेनवर वरपासून खालपर्यंत एकच रेष, आणि तीही जिथे हवी तिथेच.

१६ जुलै, मंगळवार

ताईच्या गेल्या वर्षीच्या बारा गाठी, सहा संयुगाच्या, सहा द्रावकाच्या, सगळ्या मूळ पेशींच्या. नळ्यांवर मी आकडे चिकटवले आणि कुठला आकडा कुठला गट, ते सरांकडे बंद पाकिटात. ताईला मुद्दाम जेल भरू दिलं नाही, तिनेच तसं सांगितलं. दोन जेल, दोन्हींवर एक समान लायसेट, म्हणजे एकमेकांशी जोडता येतील. अ‍ॅक्टिन त्याच मेम्ब्रेनवर नंतर, सशाची अँटीबॉडी, म्हणजे तिथेही उंदीर मध्ये येणार नाही.

संध्याकाळी पाकीट उघडलं. संयुगाच्या सहापैकी पाच गाठींत पी५३ द्रावकाच्या सगळ्या गाठींहून जास्त. सहावी द्रावकासारखीच, ती गाठ आतून बरीच मेलेली होती असं ताईच्या वहीत त्या दिवशीच लिहिलेलं आहे. पण म्हणून ती वगळायची नाही, हे आम्ही तिघांनी पाकीट उघडण्याआधीच ठरवलं होतं. ती चित्रात राहील.

प्रगती अहवालातलं वाक्य बदलायचं आहे. ताईने मसुदा लिहिला, मी वाचला. 'मागील अहवालातील निष्कर्ष दुय्यम अँटीबॉडीच्या अंतर्गत आयजीजीशी झालेल्या अभिक्रियेमुळे ग्राह्य धरता येत नाही' असं तिने स्वतःच्या नावाने लिहिलं आणि खाली दुय्यम अँटीबॉडी एकटी लावलेला ब्लॉट जोडला. अख्खा, न कापलेला. मला तिचा फार अभिमान वाटला.

उद्या आषाढी, सुट्टी. परवा गाठींचे काप घ्यायचे. तिथेही तोच उंदीर आहे, त्यामुळे आधी उंदराच्या आयजीजीविरुद्धच्या फॅब तुकड्यांनी (अँटीबॉडीच्या पकडणाऱ्या टोकांनी) झाकून मग डीओ-१, आणि पहिल्या दिवसापासून एक काप दुय्यम अँटीबॉडी एकटीचा, एक जनुक काढलेल्या गाठीचा. मेम्ब्रेन कापायची पट्टी आणि ब्लेड इमेजिंगच्या टेबलावरून उचलून खालच्या कप्प्यात ठेवलं आहे.